बावीस आटे आणि वर अर्धा

गफूरभाई, तुमच्या नावाखाली मी फळ्यावर काय लिहून बसलो ते आधी मीच सांगून टाकतो. नाहीतर वर कुणीतरी तिखटमीठ लावून सांगेल.

पाणीपुरवठा विभागाच्या दारातला तो हिरवा फळा. विभागातल्या बातम्या त्यावर लिहायचं काम माझं. कोणाची बदली, कोणाची बढती, कोणती टाकी कधी धुणार, कोणती लाइन कधी बंद. अक्षर बरं म्हणून हे काम माझ्याकडे आलं, आणि पुढे अक्षर बिघडलं तरी गेलं नाही. तुम्ही दोन महिन्यांनी निवृत्त होणार होतात, म्हणून तुमचा मजकूर मी डोक्यात आधीच तयार करून ठेवला होता. त्या सकाळी खडू हातात घेतला तेव्हा डोळ्यांपुढे काही दिसत नव्हतं, हात मात्र सवयीनं चालत होता. 'आपल्या विभागाचे ज्येष्ठ व्हॉल्व्हमन गफूरभाई यांचे दुःखद निधन झाले.' इथपर्यंत ठीक. पुढे हातानं आपलं आपण लिहून टाकलं, 'त्यांना पुढील वाटचालीस हार्दिक शुभेच्छा.' आणि खाली फूल काढलं. निवृत्तीला काढतो तेच, पाच पाकळ्यांचं.

अर्धा दिवस ते तसंच होतं. लोक येत, वाचत आणि मान खाली घालून आत जात. मला वाटलं, सगळ्यांना फार वाईट वाटतंय. दुपारी साहेबांनी आत बोलावलं आणि हळूच विचारलं, "अहो, कुठली वाटचाल?" मी धावत जाऊन शेवटची ओळ पुसली. घाईत फूल पुसायचं राहिलं. ते अजून आहे.

तुम्ही असतात तर व्हॉल्व्हच्या त्या लांबलचक चावीला टेकून हसला असतात. "मास्तर, तुना हात तुनापेक्षा शायना शे," असं काहीतरी म्हणाला असतात.

आपली ओळखच मुळी भांडणातून झाली. मी फैजपूरहून नवा नवा आलो होतो, अनुरेखक म्हणून. अनुरेखक म्हणजे दुसऱ्यानं काढलेल्या रेघेवर पातळ कागद ठेवून तीच रेघ पुन्हा ओढणारा माणूस. सोयरिकीच्या वेळी मी 'इंजिनिअरिंगच्या कामात आहे' असं सांगितलं होतं आणि मंगलाच्या वडिलांनी तेवढ्यावर मुलगी दिली. मंगलाला तो मुद्दा अजून आठवतो. तुम्ही धुळ्याकडचे. घरात हमीदाभाभींशी हिंदी, साहेबांशी मराठी, आणि पाण्याशी व माझ्याशी अहिराणी. मला तुम्ही पहिल्या दिवसापासून 'मास्तर' म्हणालात. मी मान समजलो. सहा महिन्यांनी कळलं की ज्याला रस्त्यावरचं काही कळत नाही त्या प्रत्येकाला तुम्ही मास्तर म्हणता.

तुमचं सगळं सामान म्हणजे ती लांब दांड्याची लोखंडी चावी. चेंबरचं झाकण उचलायचं, चावी आत सोडायची आणि आटे मोजत फिरवायची. गावातल्या प्रत्येक व्हॉल्व्हचे आटे तुम्हाला पाठ. फिरवून झालं की चावीच्या मुठीला कान लावून पाणी ऐकायचं. मी एकदा तुमच्यामागे उभं राहून विचारलं, "काय म्हणतं पाणी?" तुम्ही म्हणालात, "म्हने, मास्तरले बाजूले कर, सावली पडी राहिनी." पाण्याला सावलीचं काय, हे मी घरी जाऊन बराच वेळ विचार करत बसलो होतो.

सगळ्यात हट्टी व्हॉल्व्ह गिरणीचा. टेकडीवरच्या घरांना पाणी मिळायचं तर तो बंद करावा लागतो. तो उघडा असला की सगळं पाणी खालच्या गल्ल्यांमध्येच वाहून जातं. बंद केला की दाब वाढतो आणि पाणी टेकडी चढतं. म्हणून पाण्याच्या दिवशी आधी खालच्या गल्ल्या भरू द्यायच्या, मग गिरणीपाशी जाऊन तो बंद करायचा. बावीस आटे आणि वर अर्धा. त्या अर्ध्या आट्यावरून मी तुम्हाला किती चिडवलं! "गफूरभाई, तो अर्धा काय कोथिंबिरीसारखा वरून का?" तुम्ही हसायचा नाहीत. त्या एकाच गोष्टीला तुम्ही हसायचा नाहीत.

आणि तुमचं स्वतःचं घर खालच्या गल्लीत, अगदी दुसऱ्या टोकाला. म्हणजे टेकडीला पाणी देण्यासाठी तुम्ही दर वेळी आपल्याच घरचा नळ बंद करत होतात. नळ थांबला की हमीदाभाभी स्वयंपाकघराच्या खिडकीकडे तोंड करून ओरडायच्या, "और दो मिनट रुकते तो क्या बिगड़ता तुम्हारा?" तुम्ही गल्लीच्या पार दुसऱ्या टोकाला. ऐकू जाणार नाही हे त्यांनाही माहीत. पण नळ थांबला आणि त्या ओरडल्या नाहीत असं कधी झालं नाही. एकदा मी तुमच्याकडे चहाला बसलेलो असताना त्या अशा ओरडल्या की बशीतला चहा माझ्या पँटवर सांडला.

आता त्या नकाशाचं बोलतो. आपलं वीस वर्षांचं भांडण ते तेवढंच.

गावच्या सगळ्या लाइनींचा नकाशा करायचं काम माझ्याकडे आलं होतं. गिरणीच्या व्हॉल्व्हचं चित्र तुम्ही मला काढून दिलंत. तुम्हाला लिहिता येत नव्हतं, रेघा मात्र झकास यायच्या. संक्रांतीनंतर उरलेल्या पतंगाच्या गुलाबी कागदावर पेन्सिलीनं रस्ता, लाइन आणि एक गोळा, म्हणजे व्हॉल्व्ह. बस. त्यावरून मी नकाशात उतरवलं. नकाशा तयार झाल्यावर तुम्हाला मोठ्या ऐटीत दाखवला. तुम्ही बोट ठेवून म्हणालात, "आठे नही, तठे शे." व्हॉल्व्ह गिरणीच्या बाजूला आहे आणि मी तो शाळेच्या भिंतीकडे दाखवलाय.

मी काय म्हणावं? "गफूरभाई, हे मोजमापाचं काम आहे."

तुम्ही म्हणालात, "तुना नकाशा शाळामा शिकेल शे. मनं पानी नही शिकेल."

झालं. तेव्हापासून कुठेही लाइन फुटली, कुठे पाणी कमी पडलं, की तुम्ही दारातून विचारायचात, "मास्तर, नकाशाले इचारू का माले?" मीही मागे हटलो नाही. चहाच्या टपरीवर, साहेबांपुढे, तुमच्या मुलीच्या लग्नाच्या पंगतीतसुद्धा मी नकाशाची बाजू लावून धरली. तेवढ्यात प्रजासत्ताकदिनी पालिकेनं 'अचूक नकाशांबद्दल' म्हणून मला शाल आणि नारळ दिला. सगळ्यात जोरात टाळ्या तुम्ही वाजवल्यात. मला तो टोमणा वाटला. नव्हता तो, हे मला आता कळतंय.

काही वर्षांनी सगळे नकाशे संगणकात घ्यायचे ठरले. जुनी बाडं सोडताना तो गुलाबी कागद हाती लागला. खिडकीपाशी धरला. उजेड आरपार आला, आणि रेघा पुढून जशा दिसत होत्या तशाच मागूनही दिसल्या. पतंगाचा कागद तो, दोन्ही बाजू सारख्याच. त्यावर एक अक्षर जरी असतं तर ते उलटं दिसून मी जागेवर सावध झालो असतो. अक्षर नव्हतं. मी तुमचा कागद पालथा ठेवून गिरवला होता. डावीकडचं उजवीकडे गेलं होतं, गिरणीकडचा व्हॉल्व्ह शाळेकडे गेला होता, आणि मी तुम्हाला मोजमाप शिकवत होतो.

त्या दिवशी मी काय केलं असेल? कागद घडी करून परत बाडात ठेवला. चुकीचा नकाशाच संगणकात जाऊ दिला. मनाशी म्हणालो, शाल घेऊन झालीय, आणि गफूरभाई आहेत ना! त्यांना कुठे नकाशा लागतो! गफूरभाई, तुम्ही होतात म्हणून माझी चूक कुणाच्या घशाला जाणवत नव्हती. त्यानंतरही तुम्ही दारातून विचारायचात, "नकाशाले इचारू का माले?" आणि मी हसून म्हणायचो, "नकाशालाच विचारा." प्रत्येक वेळी म्हणायचो.

मग नवी योजना आली. जळगावकडून ट्रक भरभरून पाइप आले, नवी टाकी उभी राहिली, ऑफिसात गार हवेची खोली झाली आणि तिच्या भिंतीवर मोठा पडदा लागला. बोट लावलं की व्हॉल्व्ह उघडतो. मी याच्या विरोधात नाही, आणि तुम्हीही नव्हतात. प्रशिक्षणाच्या दिवशी तुम्ही सगळ्यांआधी पुढे झालात, पडद्यावर बोट ठेवलंत, हिरवा दिवा लागला आणि लहान मुलासारखे खूश झालात. मग शिकवणाऱ्याला विचारलंत, "याले कान कोठे शे?" तो बिचारा माहितीपुस्तिका चाळत बसला.

तुम्ही गेलात त्यानंतर पाण्याचे दोन दिवस आले आणि गेले. टेकडीवर थेंब चढला नाही. सिंधूअक्का टेकडीवरून उतरून रिकामा हंडा घेऊन ऑफिसात आल्या आणि माझ्या टेबलावर तो ठेवून म्हणाल्या, "काय रे भाऊ, गफूरभाऊ गया ते पानी बी त्याना संगे गया का?"

योजनेचं काम घेतलेल्या कंपनीच्या माणसांनी नकाशा बघून शाळेच्या भिंतीकडे खोदलं. तिथे काय असणार, माती! त्यांनी शेरा मारला, 'व्हॉल्व्ह अस्तित्वात नाही.' टेकडीला योजनेच्या पुढच्या टप्प्यात घेऊ, म्हणाले. पुढचा टप्पा कधी, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. गिरणीसमोरचा रस्ता मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी काँक्रीटचा होणार होता. तुम्ही गेल्यावर त्यासाठी टाकलेल्या मातीच्या भरावाखाली चेंबरचं झाकण आधीच दडलं होतं. एकदा वर काँक्रीट पडलं की तुमचा व्हॉल्व्ह कायमचा गाडला जाणार. आणि त्याआधी एका कागदावर माझी सही हवी होती, 'सर्व जुने व्हॉल्व्ह नकाशाप्रमाणे तपासले.'

साहेबांच्या केबिनमध्ये कंपनीचा हेल्मेटवाला बसला होता. त्यानं पेन माझ्यापुढे धरला.

मी म्हणालो, "सही करणार नाही. व्हॉल्व्ह आहे. गिरणीच्या बाजूला आहे."

साहेब म्हणाले, "नकाशात शाळेच्या बाजूला दाखवलाय."

"नकाशा चुकीचा आहे."

"कोणी काढला?"

"मी."

"आणि तुम्हाला हे कधीपासून माहीत आहे?"

गफूरभाई, इथे थोडं खोटं बोलता आलं असतं. मी बाडातून शोधून आणलेला गुलाबी कागद खिशातून काढून टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. शालीसकट. पंखा फिरत होता म्हणून कागद उडायला लागला. त्यावर ठेवायला साहेबांनी आपला पेपरवेट सरकवला, यावरून मला वाटलं की माणूस वाईट नाही. हेल्मेटवाला मात्र म्हणाला, "काका, पतंगाच्या कागदावर आम्ही काम थांबवायचं का? गाडी सकाळी येणार."

"येऊ दे," मी म्हणालो. असं मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला म्हणालो असेन. माझा आवाज इतका बारीक निघाला की त्याला पुन्हा विचारावं लागलं.

सकाळी मी मंगलाला सगळं सांगितलं. ती डबा भरून देत होती. एवढंच म्हणाली, "चावी भाभींकडे असेल. त्या इद्दतीत आहेत, नवऱ्यामागच्या या दिवसांत परक्या पुरुषाला भेटत नाहीत, तुम्हाला तिकडे जाता यायचं नाही. मी जाते."

मी गिरणीतून एक प्लास्टिकची खुर्ची मागून घेतली आणि तुम्ही दर वेळी जिथे उकिडवे बसायचात, बरोबर तिथे रस्त्यात मांडून बसलो. हातात छत्री, मांडीवर डबा. काँक्रीटची गाडी आली, हॉर्न वाजवू लागली. मी उठलो नाही. हेल्मेटवाला म्हणाला, "काका, बाजूला व्हा, सरकारी कामात अडथळा होतोय." मी म्हणालो, "मीही सरकारी कामच करतोय." आणि हे वाक्य संपतं न संपतं तोच खुर्चीचा मागचा पाय मातीत रुतला आणि मी डब्यासकट मागे कलंडलो. गिरणीवाला, गाडीवाला, हेल्मेटवाला सगळे हसले. मी खुर्ची सरळ केली आणि परत बसलो. गफूरभाई, एकदा पडून परत बसलेल्या माणसाला उठवणं फार अवघड असतं. तोवर टेकडीवरून सिंधूअक्का आणि चार-पाच बाया हंडे घेऊन खाली आल्या आणि माझ्या दोन्ही बाजूंना मातीत बसल्या. त्यांना खुर्च्या लागल्या नाहीत.

अखेर साहेब आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बायांकडे पाहिलं, आणि जेसीबीवाल्याला सांगितलं, "यांची खुर्ची उचला आणि तिथेच खोदा."

दोन हातांवर झाकण लागलं. तुमचं झाकण. त्यावर तुम्ही छिन्नीनं कोरलेली चार पाकळ्यांची खूण होती. पाचवी का नाही, कोण जाणे.

तुमची चावी रिक्षातून आली, अर्धी रिक्षाबाहेर, लाल फडकं बांधून. ती भाभींकडून घेऊन मंगलानं पाठवली होती आणि स्वतः तिथेच त्यांच्यापाशी बसून राहिली होती. दिवस पाण्याचाच होता, खालच्या गल्ल्यांत नळ चालू होते. हेल्मेटवाल्यानं हात पुढे केला. मी म्हणालो, "नाही, मी फिरवणार."

दहा आट्यांत खांद्याची वाट लागली. पंधराला दम लागला. अठराला बसावंसं वाटलं, पण भोवती सगळं गाव उभं. बावीस झाले. "झालं," सगळे म्हणाले. मी मुठीला कान लावला. आत कुणीतरी दातांतून बोलावं तसं बारीक सूं सूं चालू होतं. म्हणजे व्हॉल्व्ह पुरता बसला नव्हता. तेवढ्या वाटेनं टेकडीचं सगळं पाणी खालीच गेलं असतं. मग मी तो अर्धा आटा दिला. दोन्ही पाय चेंबरच्या कडेला लावून, पोटावर ओढून. सूं सूं थांबलं.

वीस वर्षं ज्याला कोथिंबीर म्हणालो, गफूरभाई, तो हा.

थोड्या वेळानं टेकडीवरून हाक आली, "उनं! पानी उनं रे!" पाणी आलं म्हणताच सिंधूअक्का हंडा उचलून धावल्या. माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही, आणि ते बरोबरच होतं. पाणी तुम्ही चढवलं होतं.

दुपारी मी फळ्यावर लिहिलं, 'गिरणीचा व्हॉल्व्ह सापडला. गफूरभाईंनी सांगितला होता तिथेच. नकाशा वीस वर्षे चुकीचा होता. तो मी काढला होता आणि चूक कळूनही मी गप्प बसलो.' खाली माझं नाव, हुद्द्यासह. पालिकेतून निरोप आला की बाहेरचे लोक वाचतात, पुसा. मी नाही पुसलं. दुसऱ्या दिवशी कारणे दाखवा नोटीस मिळाली. कामात अडथळा आणणे, सदोष अभिलेख ठेवणे. दोन्ही खरं आहे. उत्तरात मी तेच लिहिणार आहे, आणि गुलाबी कागदाची प्रत सोबत जोडणार आहे. या वेळी सुलट बाजूनं. त्या चेंबरवर काँक्रीट टाकायचं नाही, झाकण उघडतं ठेवायचं, हेही लिहिणार आहे. बढती गेली तर जाऊ दे. आणि शाल परत करायला मी तयार आहे, फक्त ती मंगलानं कधीच पापडांखाली अंथरून टाकली आहे.

त्या दिवसाचं शेवटचं सांगायचं राहिलं. संध्याकाळी मंगला तुमच्या घरून परत आली तेव्हा मी दोन्ही खांद्यांना बाम लावून बसलो होतो. खुर्चीची हकिगत सांगायला सुरुवात केली, तर तिनं हात वर करून मला थांबवलं.

"माझं ऐका आधी. भाभींनी घागर लावली होती. मी समोरच बसलेली. अर्धी भरली आणि नळ थांबला. तशा त्या खिडकीकडे तोंड करून ओरडल्या, 'और दो मिनट रुकते तो क्या बिगड़ता तुम्हारा?' अगदी नेहमीसारख्या. मग त्यांचं त्यांना कळलं. माझा हात धरून बसल्या, बराच वेळ. मग उठून नळ पुन्हा फिरवून बघितला. बंदच होता. म्हणाल्या, 'मिला होगा टेकडीवालों को.' अर्धी घागर तशीच झाकून ठेवली."

मी बामाची डबी बंद करायला गेलो तर झाकण सापडेना. मंगलानं ते माझ्या पायापाशीच पडलेलं उचलून दिलं आणि विचारलं, "ती फळ्यावरची ओळ पुसलीत ना तुम्ही? वाटचालीस शुभेच्छांची?"

"पुसली. लगेच पुसली."

"उद्या जाऊन परत लिहा," ती म्हणाली.